जेवलास का रे?

तुमच्यापैकी कुणाच्या घरी दारू आहे? हात वर करू नका. मीही वर्गात कधी केला नव्हता.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. बाबांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. पगाराच्या दिवशी पिणारे बाबा मग रोज पिऊ लागले. सगळं संपामुळंच झालं असं मात्र मी म्हणणार नाही. समोरच्या खोलीतले मामा त्याच संपात घरी बसले आणि भाजी विकायला लागले.

जिन्यावर चप्पल घासत आली की मी धाकट्या बहिणीला घेऊन गॅलरीत जायचो. अभ्यास कुठला होणार? मग मी नाक्यावर जाऊन बसू लागलो.

नाक्यावर मटक्याचे आकडे घेणारा एक दादा होता. “जेवलास का रे?” असं तो रोज विचारायचा. घरी हे विचारायची कुणाला सवड नव्हती, त्यामुळे केवढं बरं वाटायचं! वर वडापाव. आणखी एक प्रश्न ठरलेला असायचा, “सोळावं पुरं कधी होतं तुझं?” मला वाटे, वाढदिवस लक्षात ठेवतोय!

मी चौदाचा असताना तो म्हणाला, “एक पाकीट भायखळ्याला पोचव. पन्नास रुपये देतो.” मी म्हटलं, “उद्या सांगतो.”

चाळीतले एक काका कोर्टात शिपाई होते. त्यांना मी सहज तो सोळाव्याचा प्रश्न सांगितला. काका एकदम गंभीर झाले. १९८६ च्या कायद्यानं सोळाच्या आतल्या मुलाला तुरुंगात पाठवत नसत, सुधारगृहात ठेवत. (२००० च्या कायद्यानं ही मर्यादा अठरा झाली.) “पकडलास तर आत तू, बाहेर तो. सोळा झालास की त्याला दुसरा पोरगा,” काका म्हणाले.

मी दादाला परीक्षेचं निमित्त सांगितलं. तो चिडला नाही. फक्त ‘जेवलास का’ विचारायचं बंद झालं.

पाकीट माझ्याच वर्गातल्या एकानं नेलं. तो डोंगरीच्या सुधारगृहात गेला. त्याची आई भेटायला जायची, दादा एकदाही गेला नाही.

बाबांना काकांनीच पुण्याच्या मुक्तांगणात नेलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. व्यसन हा आजार असतो आणि तो मुलांमुळे होत नाही, हे मला तिथं कळलं. तोवर मला वाटायचं, मी गणितात नापास झालो म्हणून बाबा पितात! बाबांची दारू सुटली, पुन्हा लागली, मग बऱ्याच वर्षांनी सुटली.

तुमच्या शेजारी असे काका नसतील, तर १०९८ हा नंबर आहे. मुलांसाठीची ही फोनसेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता देशभर आहे. दिवसा-रात्री कधीही लावा, पैसे पडत नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. नाव घालायची गरज नाही, नुसता आकडा पुरे.