कोयतीच्या धाकातलं गिरिपुष्प

आमची बाग रत्नागिरीकडच्या जांभ्या कातळावरची. वर जेमतेम हातभर माती, आणि कोकणचा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस तीही धुऊन नेतो. त्यामुळे आंब्याच्या कलमांच्या आळ्यांत आच्छादन हवंच. पण दरवर्षी एवढा पाला आणायचा कुठून? भाताच्या तरव्याच्या भाजावळीसाठी आधीच ऐन-किंजळाची कवळ तोडली जाते. ती झाडं आणखी ओरबाडणं मला पटेना, म्हणून गडग्याच्या कडेने गिरिपुष्प लावलं. जुनी माणसं त्याला उंदीरमारी म्हणतात.

लावण सोपी. अंगठ्याहून जाड, छातीइतके उंच दांडे टोकाला तिरके छाटायचे आणि पहिला पाऊस मुरला की फूटभर खोल रोवायचे. श्रावणापर्यंत ते पालवीने भरतात. खरं काम पुढच्या वर्षापासून. कमरेच्या उंचीवर पावसाळ्यात दोनदा छाटणी, आणि तिसरी मार्गशीर्षात, फुलोरा धरण्याआधी. ही तिसरी चुकवायची नाही. गुलाबी फुलं दिसतात सुरेख, पण मागोमाग शेंगा धरतात. त्या उन्हात तडकल्या की बी लांबवर उडतं आणि पावसाळ्यात नको तिथे रोपं उठतात.

पाला कोवळा, शेंगवर्गीय झाडाचा. सुकल्यावर त्यात अडीच-तीन टक्के नत्र असतं. पण नुसता टाकला तर महिन्याभरात कुजून माती उघडी पडते. म्हणून मी खाली गिरिपुष्प आणि वर आंब्याचा पातेरा पसरते. पातेरा चिवट, तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडते, नाहीतर ओल धरून साल कुजते. दिवाळीनंतर हा थर उचलला की खाली पाल्याचे नुसते देठ उरलेले असतात, त्यांना बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले, आणि मातीवर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. कातळावरच्या तांबड्या मातीचा तो काळसर झालेला थर पाहून मला फार समाधान वाटतं.

शेजारच्या काकींनी पिवळ्या फुलांचं वेडेलिया देऊ केलं होतं. "लाव गं, माती झाकते. काही बघावं लागत नाही." मी त्यांना नम्रपणे नको म्हटलं. वेडेलियाच्या जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. उपटताना एक तुकडा राहिला तरी पुन्हा वेल. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

गिरिपुष्पही दांडगंच, पण ते उभं वाढतं, कोयतीच्या टप्प्यात राहतं. त्याची जोमदार वाढ आपल्या कामी येते ती छाटणी वेळेवर झाली तरच. आगोटीला कुणी दांडे मागायला आलं की मी आनंदाने देते. देताना एवढंच विचारते, मार्गशीर्षात छाटायला घरात कोण आहे? जितक्या झाडांचं उत्तर मिळेल, तितकेच दांडे न्यावेत.