पान आहे, पण सापडत नाही!

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. मामेबहिणीच्या लग्नासाठी मी साताऱ्यात. अंगाला हळद, हातात जिलबीची प्लेट आणि मोबाइल वाजला. टीममधली नवी मुलगी.

"सॉरी हं, लग्नात डिस्टर्ब करतेय. पण सर्व्हर रीस्टार्टच होत नाहीये."

"अगं, डॉक्युमेंटेशन साइटवर पान आहे की! मीच लिहिलंय." माझा आवाज जरा चढलाच.

"दोन तास शोधतेय रे. नाही सापडत."

पान होतं. तीन महिन्यांपासून होतं. घोळ वेगळाच होता.

आमची साइट 'स्फिंक्स'वर चालते. मुळात पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनवलेलं, २००८ मध्ये बाहेर आलेलं हे टूल. नवं पान टाकायचं म्हणजे एक टेक्स्ट फाइल लिहायची, फोल्डरमध्ये ठेवायची आणि 'टॉकट्री' नावाच्या यादीत तिचं नाव घालायचं. त्या यादीतूनच साइटचा मेनू तयार होतो. मी नेमकी ती शेवटची ओळ विसरलो होतो. स्फिंक्सनं बजावलंही होतं, की हे पान कुठल्याच टॉकट्रीत नाही. पण ती पडली नुसती वॉर्निंग. बिल्ड पास झालं, मी घरी गेलो.

मग सर्च? तिथेही माझीच कृपा. पानाचं शीर्षक होतं 'नोट्स २'. ती बिचारी स्क्रीनवरचा एरर मेसेज टाकून शोधत होती आणि तो माझ्या पानात कुठेच नव्हता. मला पाठ होता ना!

सोमवारी कॅन्टीनमध्ये चहा घेताना ती म्हणाली, "मला वाटलं, मलाच काही येत नाही." चहा कडू लागला.

त्याच दुपारी आम्ही दोघं बसलो. टॉकट्रीत ओळ घातली. शीर्षक बदललं. एरर मेसेज जसाच्या तसा पानात टाकला. "नेहमीची सेटिंग बदला," असं मी लिहिलं होतं. तिनं विचारलं, "नेहमीची म्हणजे कोणाची?" तेही सुधारलं. आता बिल्डच्या कमांडला 'डॅश कॅपिटल डब्ल्यू' लावलंय. वॉर्निंग आली की बिल्ड फेल. विसरायची सोयच नाही!

पुढची पानं तिनंच जोडली. मग टीममध्ये आणखी एक नवा मुलगा आला. त्याच्या पहिल्याच वीकेंडला तोच सर्व्हर बसला. मला फोन आला नाही. पान वाचून पठ्ठ्यानं वीस मिनिटांत उठवला.

खरं सांगू? क्षणभर वाईट वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याची एक गोड सवय लागलेली असते. कदाचित म्हणूनच ती एक ओळ घालायची राहून जाते. तुमच्याकडेही असेल असं एखादं पान. बघा जरा, यादीत आहे ना?