बोरघाट आणि बॉनेटखालचा पंखा

खोपोली मागे पडली की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला बोरघाट सुरू होतो. वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे. येणारे-जाणारे हात जोडतात आणि पुढची चढण धरतात.

एके काळी याच चढणीवर फियाट नि अ‍ॅम्बेसेडर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या असत. त्यांचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. ट्रकमागे अडकून इंजिन मंदावले की पंखाही मंदावे, आणि समोरून वाराही नाही!

आताच्या मोटारीत पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर असते. पाणी तापेल तसा त्यातील सेन्सरचा विद्युतरोध घटतो. ते हेरून गाडीतला छोटा संगणक, बहुधा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पंखा सुरू करतो. एसी लावला तर त्याआधीही.

मात्र काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरू लागतो. बॉनेटमध्ये डोकावताना बोटे, ओढणी, पदर सांभाळावा. काटा लाल खुणेकडे सरकला आणि पंख्याची घरघर ऐकू येत नसेल, तर खंडाळा गाठण्याची घाई नको. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे पाणी दाबाखाली असते, झाकण काढताच उसळून अंगावर येते. ते पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.