कोळशाने काढलेली माणसे

वाशीमकरांस चित्रकलेचा अभिमान मिरवावयाचा झाल्यास फार दूर जावे लागत नाही. आमचे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, हे तेथील शिलालेखातच नमूद आहे. वडीलमंडळींच्या तोंडून ही कथा ऐकताना आमची छाती फुगत असे. परंतु ज्यांच्या छिन्नीने ते लेणे घडले व ज्यांच्या कुंचल्याने ते रंगले, त्यांची नावे काय, हे विचारावे असे आम्हांस कधी सुचले नाही.

ते सुचले २०१२ साली, आणि तेही मुंबईस. क्लार्क हाऊस येथे प्रभाकर पाचपुते या तरुण चित्रकाराचे स्वतंत्र प्रदर्शन भरले होते. पुतण्याच्या आग्रहास्तव, खरे म्हणजे थोडे कुरकुरतच, आम्ही तेथे गेलो. पाचपुते यांचा जन्म १९८६ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचा. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणींशी बांधलेल्या. प्रदर्शनाच्या नावात खाणीतील कॅनरी पक्ष्याचा उल्लेख होता. पूर्वी विलायतेकडील मजूर असा पक्षी पिंजऱ्यात घालून खाली नेत. विषारी वायू साचल्यास तो आधी कोसळे, व माणसे सावध होत.

चित्रे थेट भिंतींवर, आणि काढलेली कोळशानेच! ज्या जिनसेने त्या माणसांचे आयुष्य काळवंडले, तिनेच त्यांची आकृती रेखाटावी, यातील औचित्य आमच्यासारख्या अनभिज्ञासही उमगले. परंतु खरा चटका निराळ्याच गोष्टीने बसला. पाचपुते यांच्या चित्रांत माणसाचे धड असते, पण पुष्कळदा मस्तकाच्या जागी एखादी वस्तू असते. माणूस नाहीसा होऊन त्याचे काम तेवढे उरले आहे, असे आम्हांस वाटले. पुतण्या म्हणाला, “काका, कसला विचार करता?” आम्ही उत्तर दिले नाही.

आम्हांस घरची शेतीची वही आठवली होती.

गावी परतल्यावर आम्ही ती माडीवरून काढविली. बैलांची नावे होती. जोडी केव्हा, किती रुपयांस घेतली हेही होते. ज्या गड्याने आम्हांस खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखविले, त्याच्या पुढे मात्र वर्षानुवर्षे एकच शब्द होता : ‘सालदार’. धान्य इतके, रोकड इतकी. आजोबा निर्दय नव्हते. हिशेब चोख होता, एक पैही बुडविलेली नव्हती. नाव तेवढे राहून गेले होते.

थोरल्या काकूंस विचारले. नव्वदीच्या त्या माउलीने डोळे मिटले, क्षणभर थांबून त्याचे व त्याच्या कारभारणीचे नाव सांगितले, आणि म्हणाल्या, “इतक्या वर्षांत विचारलेस होय रे!”

पाचपुते यांच्या कलेस पुढे परदेशीही मान मिळाला; २०२१ साली वेल्समधील आर्टेस मुंडी पारितोषिकाच्या सहा मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. त्याचा आम्हां वैदर्भीयांस आनंद आहेच. परंतु त्या प्रदर्शनाचे आमच्यावरील ऋण याहून घरगुती आहे. वहीच्या समासात ‘सालदार’ या शब्दाशेजारी आता दोन नावे लिहिलेली आहेत. अक्षर आमचे आहे. शाई मात्र फार उशिराची.