पळीभर मैदा

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते, आणि हिवाळ्यात कलेक्टरसाहेबांची स्वारी फिरतीवर निघे तेव्हा डाकबंगल्यावर सरबराईची जी तजवीज ठेवावी लागे, तिच्या यादीत कोंबड्या, अंडी आणि सरपण यांच्या जोडीला दूधही असे. ते दूध पोचते करण्याच्या निमित्ताने मी बंगल्यामागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाई. साहेबलोक ज्याला क्रीम सूप म्हणत त्या पदार्थाचे प्रथम दर्शन मला तेथेच, खानसाम्याच्या शेगडीपाशी, घडले. साहेबाच्या मेजावरचा जिन्नस म्हणजे त्यात सायीची लयलूट असणार, अशी माझी अटकळ होती. परंतु खानसाम्याने लोणी वितळवून त्यात पळीभर मैदा रंग पालटणार नाही अशा बेताने परतला, वर ऊन दूध थोडे थोडे ओतीत तो घोटीत राहिला, आणि उकडून चाळणीतून काढलेले बटाटे व कांदे त्यात मिसळून मिऱ्याची पूड भुरभुरविली, की तो राजेशाही प्रकार सिद्ध झाला. साय होती ती वाढतेवेळी, जेमतेम चमचाभर. ही हकीकत घरी सांगताच आई म्हणाली, “अरे, म्हणजे कढीला पीठ लावतात तसंच की!” आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

आईचे ते उद्गार शास्त्रदृष्ट्या किती यथार्थ होते, हे मला फार उशिरा उमगले. पिठातील पिष्टाचे कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात, त्यामुळे द्रवाला दाटपणा येतो. शिवाय दुधातील अगर ताकातील नासू पाहणाऱ्या अंशाला ते एकत्र गोळा होऊ देत नाहीत. कढीतील बेसन आणि सुपातील मैदा हे, जातकुळी भिन्न असली तरी, एकाच हुद्द्यावरचे कामगार होत.

पुढे वाचनाचा नाद लागल्यावर असे आढळले, की खुद्द फ्रान्सातही या सुपाचे नाते ऐश्वर्यापेक्षा विपत्तीशीच अधिक जवळचे आहे. पारमाँतिये नावाचा लष्करी औषधशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धात प्रशियनांच्या कैदेत सापडला असता त्याला बटाट्यांवर दिवस कंठावे लागले. बटाटा हे डुकरांचे खाद्य, आणि माणसाने खाल्ल्यास रोगाचे मूळ, अशी त्या काळी त्याच्या देशबांधवांची समजूत होती. परंतु सुटून आल्यावर त्याने या कंदाची अशी वकिली चालविली, की १७७२ साली पॅरिसच्या वैद्यकपंडितांनी तो भक्ष्य असल्याचा निर्वाळा दिला. बटाट्याच्या सुपाला तेथे आजही त्याचेच नाव आहे. लुई दिया हा दुसरा फ्रेंच पाकशास्त्री. लहानपणी आईने केलेले बटाट्याचे सूप गार दूध घालून निववून खाण्याची त्याला सवय होती, त्या आठवणीवरून त्याने १९१७ साली न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात थंडगार ‘विशिस्वाज’ निर्माण केले. थंड सूप माझ्या गळ्याखाली उतरत नाही, हा भाग अलाहिदा.

१९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा गिरगावात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. शिधापत्रिकेवरचा गहू पोळ्यांनाच पुरेना, तेथे मैद्याची चैन कोठली? मग तो काढून टाकून बटाट्याचे प्रमाण वाढविले, आणि दाटपणात कसूर झाली नाही. बटाट्यात पिष्ट मुळातच भरपूर. अर्धा शेर बटाटे, दोन कांदे, मिळाल्यास कांद्याची कोवळी पात आणि सर्वांत शेवटी अर्धा शेर दूध, एवढ्या भांडवलावर घरच्या सर्वांची रात्र निभावत असे. बटाट्याच्या जागी कधी तांबडा भोपळा येई, कधी दुध्या. ते पाणचट निघाले तर मूठभर मसुराची डाळ त्यांच्याबरोबर शिजवून घेतली की काम भागे.

टोमॅटोची गोष्ट मात्र वेगळी. त्याची आंबटाई दुधाचा घात करते, म्हणून दुधाला आधी मैदा लावून ते दाट करावे, गाळलेला टोमॅटोचा रस ऊन असतानाच त्यात धारेने सोडावा, आणि नंतर उकळी म्हणून आणू नये. कित्येक गृहिणी चिमूटभर सोडा घालतात. दूध नासत नाही हे खरे, पण टोमॅटोचा जो बाणेदारपणा तोच त्यात लोपतो. हॉटेलात या नावाखाली जो साखरेचा लाल रांधा पुढे येतो, त्याविषयी मौनच बरे.

एका बाबतीत मी हट्टी आहे. वर घालावयाचे पावाचे तुकडे तुपात तळावयाचे तर पाव आदल्या दिवशीचाच हवा. ताजा पाव तुपावर तूप पितो आणि सुपात पडताच लोळागोळा होतो. घरात शिळा पाव उरत नसेल तर तो मुद्दाम उरवावा, असा आमच्याकडे शिरस्ता आहे, आणि नातवंडे त्या राखीव पावावर रात्री डल्ला मारीत असल्यामुळे हल्ली तो फळीवरून हलवून कपाटात कुलपाआड ठेवावा लागतो.