कुंडलिकेच्या पाठीवर

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं कुंडलिका नदीचा कांहीं प्रवास रबरी तराफ्यांतून केला, व त्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं नागांवच्या वाळूवर थोडा प्रवास घोड्यावरून केला. ही सहल शाळेनें अथवा एखाद्या मंडळानें काढिलेली नव्हती. आमची धाकटी बहीण, तिचीं दोन मुलें, आमच्या चाकणच्या कारखान्यांतील एक जुने स्नेही व आम्ही, असा पांच जणांचा घरगुती बेत होता. मुलांच्या आग्रहापुढें आमचें कांहीं चाललें नाहीं, इतकेंच.

आम्हांस पाण्याचें भय आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. आमचें सारें आयुष्य चिंचवडास पवनेच्या कांठीं गेलें. परंतु घाटाच्या शेवटच्या पायरीखालीं आमचें पाऊल कधीं उतरलें नाहीं. आमची आजी, म्हणजे आईची आई, आमच्याकडेच राहावयास असे. सोबतीचीं मुलें नदींत डुंबत असतां आम्ही कांठावर त्यांचे कपडे राखीत बसत असूं, तें तिच्या धाकानें. “पाणी गरीब दिसतं रे बाबा,” ती म्हणे, “पण घर नेतं.” हें ती पुराविषयीं बोलत नसे. तिचें माहेर मुळशीच्या धरणाखालीं गेलेलें होतें, आणि तें पाणी पुरासारखें ओसरणारें नव्हतें.

पहांटे साडेतीन वाजतां घर सोडलें. हिंजवडी, घोटावडें, पौड असें करीत मुळशीजवळ आलों, तों अजून अंधारच होता. उजव्या हातास जलाशय आहे हें केवळ गार वाऱ्यावरून कळत होतें. मुलें मागें झोंपलीं होतीं. बहीण एकाएकीं म्हणाली, “दादा, इथंच कुठंतरी ना?” आम्हीं “हो” म्हटलें, व गाडी न थांबवितां पुढें गेलों. आजी ऐंशी वर्षांच्या आंतबाहेर जगली. परंतु या रस्त्यानें ती पुन्हां म्हणून आली नाहीं.

मुळशीची हकीकत मोठ्यांस ठाऊक असेल. परंतु बालवाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी होती, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस विपुल व पायथ्याशीं कोंकण खोल, त्यामुळें वीज करण्यास ही जागा उत्तम. खोपोलीचें विद्युत्गृह १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें. तिसरें धरण मुळा नदीवर मुळशी येथें बांधावयास घेतलें, तेव्हां मावळांतील शेतकरी अडून बसले. १९२१ सालच्या रामनवमीस त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यानें दिलें. बायका, पोरें, म्हातारीं माणसें बांधकामावर जाऊन बसलीं. कित्येकांनीं तुरुंग पाहिला. १९२४ सालीं लढा संपला. धरण झालें, गांवें बुडालीं, आणि १९२७ सालीं भिरा येथें यंत्रें फिरूं लागलीं.

आतां या गोष्टींतील नवल असें. मुळा ही पूर्ववाहिनी नदी. ती आमच्या वाकडवरून येते, दापोडीस तिला आमची पवना मिळते, पुढें पुण्यांत मुठा मिळते, मग भीमा, मग कृष्णा, आणि अखेरीस बंगालचा उपसागर. परंतु मुळशीस अडविलेलें पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पश्चिम कडेला नेलें आहे, व तेथून मोठ्या नळांनीं तें सुमारें पांचशें मीटर खालीं भिऱ्यास सोडलें आहे. यंत्रांचीं चाकें फिरवून झालीं कीं तेंच पाणी कुंडलिकेच्या पात्रांत येतें व रेवदंड्यास अरबी समुद्राला मिळतें. पूर्वेच्या समुद्राचें पाणी मनुष्यानें पश्चिमेच्या समुद्रास लाविलें! कोंकणांतील इतर लहान नद्या उन्हाळ्यांत आटून दगडगोटे उघडे पडतात; कुंडलिका मात्र बारमाही खळाळते, व म्हणूनच तेथें वर्षभर तराफे चालतात. रात्रीं विजेची मागणी उतरली म्हणजे भिऱ्याचें एक यंत्र उलटें फिरवून कांहीं पाणी पुन्हां डोंगरावर चढवितात, असें आमच्या स्नेह्यांनीं सांगितलें. ते विजेच्या खात्यांतले. अशा गोष्टी ते फार चवीनें सांगतात. आम्हीं मात्र मनांत म्हटलें, पाण्याला तरी परत जावयास मिळतें.

ताम्हिणीचा घाट उतरून विळ्याच्या फाट्यावरून साजे गांवाजवळ पोहोंचलों, तेव्हां उजाडलें होतें. नदीकडे पाहून भाच्याची निराशा झाली. काळ्या खडकांमधून गुडघाभर पाणी वाहत होतें. “मामा, हीच का ती नदी?” त्यानें विचारलें. तेथील माणसें हंसलीं. भिऱ्याहून पाणी सुटावयाचें होतें. तोंवर आम्हांस फुगीर जाकिटें व शिरस्त्राणें चढविण्यांत आलीं, आणि हातांत एकेक वल्हें दिलें. आमच्या जाकिटाचे पट्टे गाईडनें इतके आवळले कीं श्वास घेणें कठीण झालें, तक्रार करितांच तो म्हणाला, “काका, सैल असलं तर जाकीट वर राहील आणि तुम्ही खाली जाल.” हा गाईड जवळच्याच एका वाडीचा, विशींतला मुलगा. त्याचे हुकूम सारे इंग्रजी, ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘होल्ड’. समजुतीच्या गोष्टी तेवढ्या मराठींत. त्यांतील एक आम्हीं ध्यानांत ठेविली, व तीच पुढें कामास आली. “पाण्यात पडलात तर उभं राहायला जाऊं नका. पाय दगडांत अडकतो आणि पाणी माणसाला वांकवतं. उताणं पडा, पाय पुढं ठेवा, पायांनीं दगड टाळा.”

मग पाणी आलें. लाट येईल अशी आमची कल्पना होती, ती खोटी ठरली. एक दगड पाहत होतों तो दिसेनासा झाला, मग दुसरा. आवाज वाढला. अर्ध्या घटकेंत नदी कांठोकांठ भरली, आणि नदींत गेल्याखेरीज तिचा वेग कळत नाहीं हें आम्हांस लगेच समजलें.

पहिल्या दोन खळाळ्यांत आम्ही डोळे मिटून घेतले होते, हें भाचीनें पाहिलें. ती तेरा वर्षांची. आमच्या पुढें बसून वल्हें मारीत होती. तिसऱ्या खळाळ्यांत तराफ्याची एक बाजू खडकावर चढली, ‘होल्ड’ अशी आरोळी आली, आणि आम्ही काय धरावें याचा विचार करीत असतांच पाण्यांत गेलों.

पाण्याखालीं एक विलक्षण शांतता असते. वाचकांची अशी अपेक्षा असेल कीं त्या क्षणीं आम्हांस आजी आठवली, गांव आठवलें. तसें कांहीं झालें नाहीं. आम्हांस आमचा चष्मा आठवला. तो नवा होता. एवढ्यांत जाकिटानें आम्हांस वर ओढलें; नाकातोंडांत पाणी, पायाला दगड लागला, व उभें राहावें अशी अनिवार इच्छा झाली. “मामा, पाय वर!” ही आरोळी भाचीची. आम्हीं पाय वर केले. वरतीं निळें आकाश व त्याच्या कडेला सह्याद्रीची काळी भिंत वेगानें मागें जात होती. आम्ही उताणे, पाय पुढें करून, पन्नास वर्षांत जेथें पाऊल घातलें नाहीं त्या वाहत्या पाण्यावर तरंगत चाललों होतों. तें फार तर अर्धा मिनिट असेल. मग स्नेह्यांनीं वल्हें पुढें केलें, आणि गाईडनें व भाचीनें मिळून जाकिटाचे खांदे धरून आम्हांस पोत्यासारखें आंत ओढलें. भाची रडत होती व हंसतही होती. बहिणीच्या तोंडांतून शब्द फुटेना. चष्मा दोरीनें गळ्यांत लोंबत होता.

पुढील खळाळ्यांचें वर्णन करीत नाहीं; ते सर्व सारखेच ओले होते. सुमारें बारा किलोमीटरांच्या त्या प्रवासाचा शेवटचा भाग शांत आहे. तेथें ज्यांस हवें त्यांस पाण्यांत उतरूं देतात. मुलें उतरलीं. थोड्या वेळानें, कोणी आग्रह केला नसतां, आम्हीही उतरलों व तराफ्याची दोरी धरून वाहत राहिलों. आजी आठवली ती तेथें. या पाण्याचा राग करावा असें आम्हांस लहानपणापासून वाटे. परंतु थंडगार, स्वच्छ अशा त्या पाण्यांत पडून राग करणें जमेना, आणि राग न आल्याची थोडी लाजही वाटली. कांठावर एक बाई धुणें धूत होती. पुढें डोलवहालच्या बंधाऱ्यापासून हेंच पाणी कालव्यांनीं भातशेतीस जातें. कोणाचें बुडालें व कोणाचें पिकलें याचा हिशेब आमच्यानें तेथें होईना. उतरण्याच्या जागीं आम्हीं पिण्याची रिकामी बाटली नदीच्या पाण्यानें भरून घेतली. कां, तें बहिणीनें विचारलें नाहीं.

कोलाड, मग रोहें. रोह्यापुढें नदीचा रंग बदलतो, आणि गाडीच्या कांचा वर कराव्याशा वाटतात. आम्ही स्वतः कारखान्यांतलीं माणसें, पवनेच्या कांठचीं. त्यामुळें याविषयीं कोंकणच्या लोकांस उपदेश करण्याचें तोंड आम्हांस नाहीं. साळावपाशीं पूल ओलांडला. डावीकडे कुंडलिका समुद्रास मिळते. पलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला, अलीकडे रेवदंड्याचा कोट, दोन्ही पोर्तुगीजांचे.

रेवदंड्यालगतचें चौल हें एके काळीं मोठें बंदर. त्वेर शहरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ सालाच्या सुमारास होर्मुझहून गलबतानें येऊन येथें उतरला, तो एक घोडा घेऊन. वास्को द गामाच्या आगमनास तेव्हां जवळजवळ तीस वर्षें अवकाश होता. रेवदंड्यास निकितिनचें स्मारक आहे. बहामनी राज्यांत चांगल्या घोड्यांस फार किंमत येई, कारण ते अरबस्तान व इराण येथून समुद्रमार्गें आणावे लागत. निकितिन घोड्यासह घाट चढून जुन्नरास गेला. म्हणजे आमच्या चाकणच्या शेजारींच. तेथील सुभेदारानें घोडा काढून घेतला, व “तूं धर्म बदललास तर घोडा परत, वर एक हजार मोहरा, न बदललास तर दोन्ही गेलीं” असें बजावून चार दिवसांची मुदत दिली. निकितिन कबूल झाला नाहीं. सुदैवानें एका खुरासानी गृहस्थानें रदबदली केली, आणि घोडा परत मिळाला. परक्या मुलखांत, एकटा, सारें भांडवल त्या एका जनावरांत घातलेलें, आणि चार दिवस! आम्हीं ही गोष्ट गाडींत मुलांस सांगितली, तेव्हां भाच्यानें एकच प्रश्न विचारला, “त्या चार दिवसांत घोड्याला खायला कोण घालत होतं?” याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें.

नागांवच्या वाळूवर भाड्याचे घोडे उभे असतात. येथें मात्र गम्मत झाली. जी भाची नदींत डगमगली नाहीं ती घोड्याजवळ जाईना; आणि आम्ही, कोण जाणे कशाच्या बळावर, डाव्या बाजूनें रिकिबींत पाय घालून एका झेपेंत खोगिरावर बसलों. घोड्याचें नांव राजा. घोडेवाला एक वृद्ध गृहस्थ. लग्नसराईंत हाच राजा वरातीस जातो, त्यामुळें बँड वाजला तरी बुजत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं लगाम उजवीकडे ओढला, राजा सरळ गेला. आम्हीं टाच मारली, तो थांबला. ठराविक अंतरावर एक सुरूचें झाड आहे, तेथवर जाऊन तो आपण होऊनच वळला, कारण तेवढ्याच फेरीचे पैसे दिलेले होते. “हिशेबाला पक्का आहे,” घोडेवाले म्हणाले. भाचीनें मग त्याच्या मानेवर हात ठेविला. तेथील केंस उन्हानें ऊन झाले होते. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. वृद्धांनींही घाई केली नाहीं. सूर्य बुडावयाच्या सुमारास ती राजावर बसली, लगाम घोडेवाल्यांच्या हातीं, व तिच्या बाजूनें आम्ही पायीं. परततांना तिनें लगाम आपल्या हातीं मागून घेतला.

घरीं पोहोंचावयास रात्रीचे अकरा वाजले. आई जागी होती. आम्ही पाण्यांत पडल्याची हकीकत मुलांनीं तिला तिखटमीठ लावून सांगितली. ती ऐकतांना तिनें आमचा हात धरून ठेविला होता. मग आम्हीं बाटली तिच्यापुढें ठेविली.

“कुठलं आणलंस?” तिनें विचारलें.

“कुंडलिकेचं.”

आईनें बाटली दिव्यापुढें धरून पाहिली. “मुळेचं म्हण,” ती म्हणाली. आणि काठी टेकीत अंगणांत जाऊन तें सारें पाणी तिनें तुळशीस घातलें.