मधली जागा

पहिल्यांदा वहीत ताबूत काढला तेव्हा मी पट्टी लावली होती. शंभर फुटांच्या वर जाणारी उंची कागदावर आणायची, तर रेघ सरळच हवी असं वाटलं. चित्र पुरं झालं आणि त्यात नुसती उंचीच राहिली. विजेचा खांबही तसाच दिसला असता.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचा मोहरमचा ताबूत उभा असतो, पण ताठ नसतो. कळकाच्या कामट्यांचे अष्टकोनी मजले, चिकणमाती लावलेल्या सुताची बांधणी, वरून रंगीत कागद. बांधायची रीत अशी, की आधी कळस, मग पाया. वरचा मजला झाला की तो उचलायचा आणि त्याच्याखाली पुढचा जोडायचा. म्हणजे ही रेघ जमिनीतून उगवत नाही. माणसं तिला हातांनी वर सारत नेतात. पुढे खांद्यावर घेतली की ती हलायला लागते. खाली एखाद्याचं पाऊल जरासं चुकलं, तर वर कळस कितीतरी झुकतो. मोहरम चांद्रमासाचा, त्यामुळे तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. कधी पावसात भिजलेला कागद, कधी उन्हाळ्याचा वारा. झुकण्याची तऱ्हाही दर खेपेला वेगळी.

रेघ आखतात आणि रेघ ओढतातही. आखलेली रेघ कुठे थांबायचं ते ठरवूनच निघते. ओढलेल्या रेघेत ओढणारा हात शिल्लक राहतो. ताकारी योजनेचं पाणी आलं आणि इथल्या शाळवाच्या रानांत उसाच्या सऱ्या पडल्या. ट्रॅक्टरच्या सऱ्या देखण्या असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बैलाच्या तासाला बांधाजवळ जे वळण यायचं, त्यात बैलाचा थकवा दिसायचा, औत धरणाऱ्याची घाईही दिसायची. मनःस्थिती रेघेत उतरते ती अशी, न ठरवता.

जवळच किर्लोस्करवाडी आहे. तिथे 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं, पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ झालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले. आपल्या व्यंगचित्रांना त्यांनी नाव दिलं ‘टाकाच्या फेकी’. मला हा ‘फेक’ शब्द फार आवडतो. कागदावर उरते ती रेघ, पण नाव दिलंय ते मनगटाच्या हालचालीला.

तरीही माझा ताबूत हलेना. मनगट सैल सोडलं, रेघ वाकडी केली, तर तो पडायला आल्यासारखा दिसू लागला. तेव्हा वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं तारपा नृत्याचं चित्र पुन्हा काढून बघितलं. टोकाला टोक टेकलेले दोन त्रिकोण आणि हातापायांच्या काड्या, एवढाच माणूस. एकेक आकृती निरखली तर ती जागच्या जागी आहे. नाच आहे तो एका आकृतीकडून दुसरीकडे जाताना, हातात हात गुंफत वळत गेलेल्या साखळीत. एकट्या रेघेकडून मी भलतीच अपेक्षा करत होतो.

कडेगावात लोक ताबूत बघायला येतात असं म्हणतात. खरं तर येतात ते भेटी बघायला. ताबुतांचे मानकरी हिंदूही आहेत, मुसलमानही. परंपरा दीडशे वर्षांहून जुनी सांगतात. वाद्यं वाजत असतात, आणि दोन ताबूत एकमेकांच्या दिशेने सरकू लागतात. त्या वेळी माझी नजर ताबुतांवर ठरत नाही. ती जाते त्यांच्या मधल्या आकाशाच्या पट्टीवर. पट्टी निमुळती होते, एक ताबूत डोलला की पुन्हा रुंदावते, खालचे खांदे सावरतात, पुन्हा निमुळती होते. गर्दीचा श्वास तिच्या मापाने चाललेला असतो. दोन्ही उभ्या रेषा एकमेकींकडे किंचित कलतात, आणि तो कल म्हणजेच भेट, टेकण्याच्याही आधी.

आता वहीत ताबुतांच्या रेघा मी पुसटच ठेवतो. मधली जागा पाच वेळा खोडून काढली आहे. अजून ती दोन बोटं जास्त रुंद आहे.